गुरुजींचं इंग्रजी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या मुलीला नोकरी मिळाली नाही ती माझ्यामुळं.

परभणीतल्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची जागा भरायची होती. मी तिथल्याच कॉलेजात इंग्रजी शिकवतो म्हणून मुलाखती घ्यायला मला बसवलं. सोबत संस्थेचे सचिव आणि पुण्याहून बोलावलेल्या एक बाई. दुपारी चुडाव्याची एक मुलगी आत आली, बोलायला लागली आणि मला ते इंग्रजी लगेच ओळखू आलं. ‘आय बेग टू सबमिट’, ‘युवर काइंड इंडल्जन्स’. चूक एक नाही. पण असं आता कुणी बोलत नाही. ते इंग्रज साहेबाच्या काळातल्या अर्जांचं इंग्रजी. आमच्या भागात ते शिकवणारा माणूस एकच, आणि मीही त्यांच्याच हाताखालचा.

चुडाव्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओसरीवर गुरुजी दर रविवारी शिकवायचे. फी नव्हती. अट एकच, त्यांची जाडजूड वही हातानं उतरवून काढायची आणि पुढं आपली प्रत नव्या पोराला द्यायची. कचेरीत कारकुनी करताना जुन्या पत्रव्यवहारातून त्यांनी ती वाक्यं वेचली होती. त्यांच्या वडलांना साधी अर्जी लिहून घ्यायला दुसऱ्याच्या दारात दिवसभर बसावं लागायचं. गुरुजी म्हणायचे, “आता आपली अर्जी आपुन लिव्हायची. ती बी साहेबाच्या भाषेत.”

त्या मुलीचं ऐकून पुण्याच्या बाई हसल्या. “अगं, राणीच्या दरबारात आली आहेस का तू?”

सचिव खो खो हसले आणि माझ्याकडं बघायला लागले. मीही हसलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर. मी विचारलं, “हे कुठल्या म्युझियममध्ये शिकलात?”

तिनं गुरुजींचं नाव सांगितलं. मान खाली न घालता. मी ओळख दाखवली नाही. शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘भाषा कालबाह्य’. सही केली.

वर्गात मी दरवर्षी वेगळंच सांगत असतो. इंग्रजी एक कधीच नव्हतं, गावागणिक निराळं होतं. लंडनला छापखाना आला, तिकडचं बोलणं कागदावर चढलं, मागून शब्दकोश आले, व्याकरणं आली, आणि बाकीचे अडाणी ठरले. आजचं प्रमाण उद्या हसण्यावारी जातं. मुलं निमूट उतरवून घेतात. परीक्षेला हमखास येतं ते.

मग असं का केलं? भ्यालो. पुण्यात एम.ए.ला असताना माझ्या ‘लय’ला पोरं हसायची आणि ‘आय बेग’लाही. दोन्ही मी घासून घासून काढलं. ती मुलगी बोलत होती आणि मला वाटत होतं, आता बाई माझ्याकडं वळतील आणि सगळं ओळखतील.

आठवड्यानं गुरुजींचा फोन आला.

“जयभीम. मोठा साहेब झालास की रं! पोरगी सांगायलीय, तू होतास तिथं. वस्तीतला पहिला एम.ए. म्हणून फोटो हाय न तुझा विहारात. तिनं आत आल्या आल्या वळखलं तुला.”

मी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

“काय चुकलं रं तिचं?”

“काही नाही गुरुजी. जागा आधीच ठरलेली होती.”

“ती तर दुसरंच सांगायलीय.” मी जागेचंच पुन्हा सांगितलं. मग ते म्हणाले, “बरं. आमचंच जुनं झालं आसंल.”

त्यानंतरच्या रविवारपासून ओसरीवरचा वर्ग बंद झाला. शिकायला आलेल्या पोरांना गुरुजींनीच सांगितलं म्हणे, दुसरीकडं जा, माझं चालत न्हाई आता. ती मुलगी सोनपेठला कापडाच्या दुकानात कामाला लागली. तिथं इंग्रजी लागत नाही. मी या वर्षीही वर्गात छापखान्याचा धडा शिकवला. आवाज जराही अडखळला नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटते.

चुडावा रेल्वेनं तासाभरावर आहे. गुरुजींचं इंग्रजी चुकीचं नव्हतं, ते मला तेव्हाही माहीत होतं आणि तरी मी हसलो, हे त्यांना आणि तिला समोर जाऊन सांगायचं अजून माझ्याकडून राहिलेलं आहे.