फोन कोणाच्या हातात

नंदनवन वस्तीतल्या समाजभवनात मी बायकांना मोबाईल शिकवते. शाळेतून रिटायर झाल्यावर वेळ जावा म्हणून वर्ग सुरू केला. आता घरचे म्हणतात, जेवताना तू दुसरं काही बोलतच नाहीस. काय करणार? बाई फोन शिकायला येते ती अख्खं घर सोबत घेऊन येते. ऐकताना तुम्हाला कदाचित हसू येईल, पण घडत होतं तेव्हा आम्ही कोणीच हसत नव्हतो.

०००

मौद्याकडच्या एका खेड्यातून बसने येणाऱ्या शकुंतलाबाई पहिल्या दिवशी रिकाम्या हातानेच आल्या. फोन कुठाय, विचारलं.

"आहे ना. पोराच्या खिशात."

मग फोनशिवाय शिकणार कसं? तर म्हणाल्या, "पाहून घेतो. सैपाक बी पाहूनच शिकली."

त्या पाहत राहिल्या. शेजारणीच्या फोनवर, मान वाकडी करून. एकही वर्ग चुकवला नाही.

०००

वर्गातली विमल चार घरची धुणीभांडी करते. राख आणि साबणाने तिच्या बोटांच्या रेषाच पुसून गेल्यात. रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेईना. दुकानदार म्हणाला, जुळत नाही, पुढच्या वेळी या. पुढच्या वेळीही तेच. पिशवी रिकामी, घरी पोरं वाट पाहतायत. त्या दिवशी ती काउंटरसमोरून हललीच नाही.

"मी समोर उभी आहो, अन् तुम्ही बोटाले काहून विचारून राहिले?"

दुकानदार म्हणाला, मग ओटीपीवर देतो. पण नोंदवलेला नंबर कधीचाच बंद पडलेला! तो बदलायला तिला कामं बुडवून सेवा केंद्रात खेटे घालावे लागले. शेवटी एकदा ओटीपी आला. मागे रांग खोळंबलेली. दुकानदाराने हात पुढे केला, सांगा लवकर. विमलने फोन छातीशी धरला.

"मॅडमनं सांगतलं, ओटीपी कोणालेच सांगाचा नाही. मशीन इकडं करा."

मशीन फिरवावं लागलं. एकेक आकडा तिने स्वतः दाबला.

०००

बोलून टाईप करायचं शिकवलं त्या दिवशी विमलने फोन तोंडाजवळ धरला आणि सांगितलं, "मी येऊन राहिली, तुले भाजी आणतो." फोनने भलतंच काहीतरी लिहिलं. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा भलतंच. मी म्हटलं, जरा पुस्तकातल्यासारखं बोलून बघ.

ती म्हणाली, "माह्या पोराले मी पुस्तकातली मायबाई वाटन ना मंग."

०००

शकुंतलाबाईंच्या सुनेला सातवा महिना होता. भर दुपारी तिला अंगावरून जायला लागलं. माणसं शेतावर. पोराचा फोन त्या दिवशी चार्जिंगला लावून घरीच राहिलेला, पण त्याला कुलूप. शेजारचं घरही बंद. सून पलंगावर पांढरीफटक.

कुलूप असलं तरी आणीबाणीचा फोन लागतो, हे मी वर्गात एकदा दाखवलं होतं. इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नाही, पण खाली कुठे बोट ठेवायचं आणि मग कोणते आकडे दाबायचे ते डोळ्यांनी लक्षात ठेवलेलं. ॲम्ब्युलन्सला फोन लागला. पलीकडून पत्ता विचारला, तेव्हा वीज प्रकल्पाच्या चिमण्यांपासून रस्ता कसा वळतो ते न अडखळता सांगितलं.

सातव्यातच जन्मलेली नात कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. मायलेकी दोघी वाचल्या. पोराने आईला कुलूप कसं उघडायचं ते स्वतःहून दाखवलं. आई म्हणाली, "तुहं कुलूप तुहंच राहू दे. मले माहा फोन पाह्यजे."

आता त्या स्वतःचा फोन घेऊन येतात.

०००

घाटे काकू आमच्यात सगळ्यात शिकलेल्या. सरकारी ऑफिसात क्लार्क होत्या, मुलगा पुण्यात, घरी एकट्या. एके दिवशी त्या वर्गाला आल्या नाहीत, फोनही सतत बिझी. विमल त्यांच्याच बिल्डिंगमध्ये कामाला. तिने बेल वाजवली तर आतून आवाज आला, "आज काम नको, जा." विमलला तो आवाज काकूंचा वाटलाच नाही. तिने मला बोलावून घेतलं.

खूप वेळाने दार फटीएवढं उघडलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. टेबलावर फोन उभा, त्यात वर्दीतला माणूस. तो सांगत होता, काकूंच्या नावाने काहीतरी भयंकर पार्सल सापडलंय, त्या अटकेत आहेत, कोणाशी बोलायचं नाही, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. बँकेतली ठेव तपासणीसाठी पाठवायची तेवढी बाकी होती. मी कुजबुजले, काकू, हे खोटं आहे, बंद करा. त्या मान हलवत राहिल्या. "बंद केलं तर मुलालाही पकडतील."

फोनमधून आवाज आला, "कमरे में कौन है?"

विमल सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन बसली. म्हणाली, "साहेब, अटक कराले घरी यावंच लागते ना? मी दार उघडून ठेवतो. या."

उठली आणि तिने दार सताड उघडलं. तो माणूस ओरडायला लागला. दरवाजा बंद करो. पुन्हा पुन्हा तेच. काकू त्याच्याकडे बघत होत्या. मग दाराकडे बघितलं. मग हात पुढे करून त्यांनी लाल बटण दाबलं.

मुलाला फोन लावू का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, मीच लावते. जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजली, तशी विमल दार लोटायला उठली.

काकू म्हणाल्या, "असू दे. कालपासून बंदच होतं."