कृतिकाच्या लॅपटॉपचा बस्ता

नाथा माझा विद्यार्थी. कळव्याच्या शाळेत तो खिडकीजवळ बसायचा आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. त्याचे आजोबा मिठागरावर राबले, वडिलांनी भात पिकवला, आणि नाथाच्या वाट्याला त्याच जमिनीवर उभी राहिलेली इमारत आली. खाली भाड्याने दिलेले गाळे, वरच्या मजल्यावर तो. मी मागच्या गल्लीत राहते.

शिमगा झाला आणि त्याची बायको जया गेली. नाथाला रडताना कुणी पाहिलं नाही. तो सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. भाडेकरू काही सांगायला आला तर मान हलवतो. चहा गार होतो, साय धरते, मग तो सायीसकट पितो. कुणी काही विचारलं तर म्हणतो, "बघा तुम्ही."

त्याची मुलगी कृतिका आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी नकाशे हाताने काढून भागलं, आता सगळं काम कॉम्प्युटरवर. मैत्रिणीचा लॅपटॉप मोकळा होईपर्यंत ती ताटकळत बसायची. त्यात एक काम अर्धवट द्यावं लागलं. पुढचंही तसंच दिलं तर वर्ष वाया जाईल, असं सरांनी तिला बजावलं होतं. हे तिने मला सांगितलं. घरी सांगितलं नव्हतं. मीच नाथाला म्हटलं, "मुलीला लॅपटॉप घे." तो म्हणाला, "बघा तुम्ही, बाई."

ही बातमी नाथाच्या बहिणीला, मायाला कळली आणि मग काम माझ्या हातात राहिलं नाही.

या आगरी भावकीत लग्न ठरलं की कपड्यांचा बस्ता बांधायला सगळे मिळून जातात. थोरली माणसं पुढे बसतात, साड्या उलगडल्या जातात, पसंती थोरल्यांची. नवरी मागे बसते आणि सांगितलं की साडी खांद्यावर टाकून दाखवते. गेली कितीतरी वर्षं भावकीतला प्रत्येक बस्ता जयाने बांधला. आता तो मान मायाकडे आला होता. लॅपटॉप हीसुद्धा घरातली मोठी खरेदी, तेव्हा ती निघाली ती बस्त्यालाच निघाल्यासारखी. बरोबर चुलतभाऊ जगन, त्याची बायको लक्ष्मी, नाथा, कृतिका, आणि "बाई शिकलेल्या हायेत" म्हणून मी.

ठाण्याच्या दुकानात माया काउंटरसमोर मधोमध बसली. कृतिका आमच्या पाठीमागे उभी राहिली.

"दाखवा," माया दुकानदाराला म्हणाली. "जरा उठून दिसंल असा."

"कशासाठी हवाय, ताई?"

"पोरीच्या कालेजासाठी. हलका पायजे, पोर नाजूक हाय."

"तुझी भाची नाजूक?" जगन म्हणाला. "हलदीत नाचताना बघितली नायस तू."

"तू गप रे. तुना कोनी विचारला?"

दुकानदाराने एक चंदेरी, पातळ लॅपटॉप काढला. लक्ष्मीने त्याच्यावरून बोट फिरवलं. "आरशासारखा हाय गो!" मायाने तो हातात तोलून पाहिला आणि मागे वळली. "कृतिका, धर बघू छातीशी. हां, अशीच उभी रहा." तिने मोबाइलवर फोटो काढला आणि तिथूनच नातलगांना पाठवला.

मी म्हटलं, "माया, तिच्या सरांनी काय सांगितलंय ते एकदा विचारू या का?"

"विचारू ना, बाई. पन पयला डोल्यात तरी भरू दे!"

मी दुकानदारालाच विचारलं, घराचे नकाशे, उभ्या इमारती, असलं काम यावर होईल का. तो जरा घुटमळला. म्हणाला, उघडेल, पण अडकत चालेल. त्या कामाला तो पलीकडचा बरा. पलीकडे एक काळा, जाड लॅपटॉप होता. कृतिकाची नजर आल्यापासून त्याच्यावरच होती.

"शी! तो काला दगड?" माया म्हणाली. "ट्रकची ब्याटरी वाटते ती. चार मान्सांत पोर तिला काढंल का? काय गो कृतिका, हाच ना? चंदेरी?"

कृतिका म्हणाली, "चालेल, आत्या."

"झाला मग. बांधा हो."

दुकानदार खोकं आणायला वळला. नाथा दाराजवळ उभा राहून रस्त्याकडे बघत होता. त्याने मान वळवली.

"चालेल नको बोलूस," तो म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"तुझी आय पन चालेलच बोलायची. पोटात दुखतंय तरी चालेल, डाक्टरकडं नंतर गेलो तरी चालेल." त्याने हे असं सांगितलं, जसा कुणी रस्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगतो. "तुला कुठला पायजे तो बोल."

लक्ष्मीने पदर सारखा केला. जगन छताच्या पंख्याकडे बघू लागला. कृतिकाने चंदेरी लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"काळा," ती म्हणाली. मग पुन्हा, "मला काळा पाहिजे, बाबा."

"तो द्या," नाथा दुकानदाराला म्हणाला आणि परत दाराकडे वळला.

माया रागावली नाही. पाठवलेला फोटो काढून टाकता येतो का, असं तिने लक्ष्मीला हळूच विचारलं.

माया आणि लक्ष्मी जगनच्या गाडीतून गेल्या. नाथा, कृतिका आणि मी रिक्षा केली. खोकं नाथाच्या मांडीवर होतं. कृतिका त्याच्यावर वाकून बाजूचा बारीक छापलेला मजकूर वाचत होती आणि मधूनच मैत्रिणीला काहीतरी लिहून पाठवत होती.

मी विचारलं, "बरं वाटलं ना रे, नाथा?"

त्याने थोडा विचार केला. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची त्याची सवय अजून गेलेली नाही.

"काय कलत नाय, बाई," तो म्हणाला.

रिक्षा कळव्याच्या पुलावर चढली. खाडीला ओहोटी लागली होती. नाथा बाहेर बघत राहिला.