लाल चरापाशी दिलेला शब्द

माझ्या वडिलांना मी परक्या देशात, परक्या लोकांसमोर माझ्या खोट्यात ओढलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायको त्या दिवशी ड्यूटीवर होती, तिला नाही. मुलीला नाही. वडिलांशीही तो विषय एकदाच निघाला, आणि तोही त्यांनीच काढला. आता ते नाहीत, म्हणून लिहितोय असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ते असताना लिहायची हिंमत नव्हती, हे खरंच आहे.

मी रीडिंगला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, दोन नद्यांच्या मधल्या जागेत, अकराशे-साडेअकराशे वर्षांपूर्वी डॅनिश फौजेनं तळ ठोकला होता. तिथे आता लोक मायक्रोवेव्हमध्ये डबे गरम करतात. त्या फौजेपासून पळत, दलदलीत लपत एक राजा एका डुकरं राखणाऱ्याच्या झोपडीत गेला, त्या घरच्या बाईनं त्याला चुलीवर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि त्यानं तिच्या भाकऱ्या करपवल्या. ही दंतकथा इथल्या शाळेत प्रत्येक पोराला सांगतात. माझी मुलगी सात वर्षांची असताना कागदी मुकुट घालून घरी आली आणि म्हणाली, "बाबा, राजाचा नाव सगळ्यांना माहितीये. पण ज्या बाईनी त्याला शिव्या दिला, तिचा नाव काय होता?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही. या एका प्रश्नामुळे मी इंग्लंडचा जुना इतिहास वाचायला लागलो, आणि वाचता वाचता आमच्या भागातल्या एका इतिहासप्रेमी गटात जाऊन बसलो. गट म्हणजे पंधरा-वीस निवृत्त माणसं, एक मेडनहेडचं मराठी जोडपं, आणि मी.

हा गट दर मे महिन्यात रीडिंगपासून वीस मिनिटांवरच्या एका गावाची शीव चालतो. त्या काळी राजा कुणाला जमीन द्यायचा तेव्हा सनद लिहून द्यायचा. सनद लॅटिनमध्ये, धर्मगुरूंच्या भाषेत. पण मधेच भाषा बदलते. जमिनीची हद्द सांगायची वेळ आली की लॅटिन थांबते आणि साध्या माणसांची इंग्रजी सुरू होते: उतारापासून पोकळ ओकपर्यंत, ओकपासून लाल चराच्या कडेनं, चरापासून जुन्या थडग्यापर्यंत. का बदलते? कारण बिशपला चर कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. ते गुराख्याला ठाऊक होतं, गुलामाला ठाऊक होतं. तो पुढे चालला, म्हणून लिहिणाऱ्याला लिहिता आलं. सनदेच्या शेवटी साक्षीदारांची रांग असते, राजा, बिशप, सरदार. चालणाऱ्याचं नाव नाही. राजाचा कारभार, परगणे, कारभारी, करवसुली, हे सगळं पुढे ज्या हद्दींवर उभं राहिलं, त्या कुणाच्या तरी अनवाणी पायांनी मोजल्या होत्या.

हे वाचलं तेव्हा मी ट्रेनमध्ये होतो, आणि मला ट्विफर्डला उतरायचं होतं ते राहूनच गेलं. कारण तो चालणारा मला माहीत होता. तो माझा पणजोबा होता.

माझे पणजोबा गावचे महार होते. आमच्याकडे दोन गावांत शिवेचा तंटा झाला की पाटील, कुलकर्णी, देशमुख सगळे जमायचे, पण निवाडा महाराच्या पायावर व्हायचा. त्यानं डोक्यावर शिवेची माती घ्यायची आणि चालायचं. तो चालेल ती हद्द. खोटं चालला तर त्याचा वंश बुडेल, अशी समजूत. म्हणजे गावाच्या विहिरीवर त्याला पाणी नाही, पण गावाची जमीन त्याच्या शब्दावर. हे मला वडिलांनी सांगितलं, सांगितलं म्हणजे दाखवलं. सुट्टीत गावी गेलो की ते मला शिवेवरून फिरवायचे. कुठला दगड रोवलेला आणि कुठला आपसूक आलेला, पावसाचं पाणी कुठे दोन बाजूंना फुटतं, बांध नांगरानं खाल्ला तरी त्याची पाठ गवतात कशी दिसते. ते स्वतः रेल्वेत होते, रुळांची पाहणी करत रोज मैलोन् मैल चालायचे. चालणं आमच्या घरातच आहे.

तर गटाबरोबर पहिल्यांदा चाललो त्या वर्षी लाल चर कुणाला सापडेना. नकाशात नव्हता. मी गवताची पाठ बघून म्हणालो, इथे आहे. खणून बघितलं तर खाली तांबडी माती. गट चालवणाऱ्या बाई, निवृत्त सर्व्हेअर, खूश झाल्या. म्हणाल्या, ही नजर कुठून आणली?

मी सांगायला तोंड उघडलं होतं. आई शप्पथ, उघडलं होतं. तेवढ्यात मेडनहेडचे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन मराठीत म्हणाले, "अरे वा! गाव कुठलं तुमचं?"

आपल्या लोकांना या प्रश्नानंतरचा प्रश्न माहीत असतो. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. गेली कित्येक वर्षं मी त्या न कळण्याच्या आडोशाला राहत होतो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी एक पाऊल पुढे गेलो. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझे पणजोबा गावचे पाटील होते. शिवेचं सगळं त्यांच्याकडे असायचं."

इंग्रजांना पाटील काय आणि महार काय, दोन्ही शब्द सारखेच परके. ते खोटं बाईंसाठी नव्हतंच. वीस माणसांत ते एकट्या त्या गृहस्थांसाठी होतं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मग काय, पाटील!" तेव्हापासून मी पाटील. मराठी मंडळाच्या गणपतीत पाटील, दिवाळीच्या फराळाला पाटील. "या पाटील, बूट तरी पुसा." मी हसायचो. माणूस वाईट नाही. विमानतळावर सोडायला येतो, माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर डबे दिले. हे लिहिलं पाहिजे, कारण खलनायक शोधायचा तर तो मीच आहे.

तीन वर्षांनी वडील सहा आठवड्यांसाठी आले. आल्या आल्या त्यांना कॅमडेनमधल्या त्या घरी जायचं होतं, जिथे आम्हा सगळ्यांना माणूस करणारा माणूस विद्यार्थी असताना राहिला. मी रजा काढून मंगळवारी नेलं. मंगळवारीच का, हे वडिलांनी विचारलं नाही. शनिवार-रविवारी तिथे ओळखीचे मराठी चेहरे भेटतात. उंबऱ्याबाहेर त्यांनी बूट काढले, थंडीत मोज्यांवर बराच वेळ उभे राहिले. मी फोटो काढला, आणि कुठेही टाकला नाही.

मग मे आला. शीव चालायला येतो म्हणाले. गटाची एक पद्धत आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये माणसावर आळ आला तर त्यानं शपथ घ्यायची आणि त्याच्या बाजूनं शपथेचे सोबती उभे राहायचे. त्या सोबत्यांनी घटना पाहिलेली असायची गरज नसे. ते एवढंच सांगायचे की याची शपथ स्वच्छ आहे. ज्याला सोबती मिळाला नाही, लांबून आलेला, आगापिछा नसलेला, त्याचं काही खरं नसायचं. बाईंनी ती पद्धत आमच्या चालण्यात आणली. प्रत्येक खुणेपाशी एकानं सनदेतली ओळ वाचायची. त्याच्या सोबत्याला बाई विचारणार: याचा शब्द खरा? त्यानं म्हणायचं: याचा शब्द खरा. मग पुढची खूण.

लाल चर माझ्याकडे असायचा, मी शोधलेला म्हणून. त्या वर्षी सोबती वडील. गाडीत मी त्यांना पढवलं. "बाई विचारतील, दादा. तुम्ही म्हणायचं, याचा शब्द खरा. बास."

"आणि ओळ चुकलास तर?" ते हसून म्हणाले.

मी ओळ वाचली. बाईंनी विचारलं. वडील ताठ उभे राहून मराठीतच म्हणाले, "याचा शब्द खरा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मेडनहेडचे गृहस्थ अगदी आदरानं पुढे होऊन म्हणाले, "नमस्कार काका! तुमच्या आजोबांची पाटीलकी म्हणजे मोठी असणार. किती गावं होती?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रुळाच्या सांध्याकडे बघावं तसं बघितलं, कुठे सुटलंय ते शोधत. मी काही बोललो असतो तर एक वाक्य पुरलं असतं. मी चराकडे बघत राहिलो.

"हा म्हणतो ना," वडील म्हणाले, "याचा शब्द खरा."

ज्या माणसानं आयुष्यात नोकरीच्या फॉर्मवर, भाड्याच्या खोलीवर, कुठेच जात लपवली नाही, त्यानं माझ्याकरता ते वाक्य उचलून दिलं. पाटील होतो असं ते म्हणाले नाहीत. शपथेचा सोबती म्हणतो तेवढंच म्हणाले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात चहा घेताना त्यांनी एकदाच विषय काढला. "पाटील शिवेवर घोड्यावरून यायचा," ते म्हणाले. "पायी कोण चालायचं? एवढं तरी सांगायचंस. तुमच्या गटातली ती बाई हुशार आहे, तिला कळलं असतं." मग कप धुऊन पालथा घातला. पुढच्या वर्षी ते गेले.

यंदाच्या मे महिन्यात लाल चरापाशी माझी मुलगी माझी सोबती होती. आता ती वीस वर्षांची आहे. मी ओळ वाचली आणि थांबलो. म्हणालो, मला एक दुरुस्ती करायची आहे. माझे पणजोबा पाटील नव्हते. ते गावचे महार होते, अस्पृश्य, आणि या सनदेत ज्याचं नाव नाही त्या माणसाचं काम ते करायचे. तुम्ही इथे राजाचा इतिहास बघायला येता. मी त्या चालणाऱ्याला भेटायला येतो. तो माझा आहे, आणि हा चरही माझा आहे. कुणाला पटो न पटो.

बाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या गटात खरा जाणकार एकच होता, आणि तो बारा वर्षं हुद्दा चुकीचा सांगत होता." लोक हसले. मुलीनं न विचारताच सांगून टाकलं, याचा शब्द खरा. गट पुढे निघाला.

मेडनहेडचे गृहस्थ मागे थांबले. मुलगी माझ्या शेजारीच होती. "अरे, कशाला हे इथे? आम्ही असलं काही मानतो का? कधी विचारलं का तुला?"

"विचारलंत. गाव कुठलं म्हणून."

"ते सहज रे."

"सहजच विचारतात सगळे. मी पाटील म्हटल्यावर तुम्ही पाठ थोपटलीत. महार म्हटलं असतं तर थोपटली असती?"

"हे बघ, तू आता भांडायलाच..."

"हो. भांडायलाच. बारा वर्षं उशीर झालाय, पण भांडतोय."

त्यांचा चेहरा उतरला. आणि मग त्यांनी विचारलं, टोमणा म्हणून नाही, खरोखर न कळून: "पण तुझे वडील? मी त्यांना इथेच विचारलं होतं. म्हणजे काका खोटं बोलले?"

एवढं सगळं बोललेला मी, तिथे वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. ते मान हलवून पुढे गेले.

गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबांनी का येस म्हटला मग?" मी इंडिकेटर दिला आणि वळलो.

मला त्या गृहस्थांची माफी नको, गटाचं कौतुक नको. पाटील ही हाक परत केली, ती मी पुन्हा घेणार नाही. मंडळात यंदा गणपतीला जाईन, महाराचा पणतू म्हणून जाईन, ज्यांना माझ्या पंक्तीला बसायचं नसेल त्यांनी उठावं. ते सगळं जमेल मला. पण लाल चरापाशी विचारलेला प्रश्न अजून तसाच पडून आहे, आणि जोवर तो तसा आहे तोवर त्या माणसाच्या लेखी माझे वडील खोटं बोलले.

ते खोटं बोलले नाहीत. खोटं माझं होतं, त्यांनी फक्त मला एकटं पडू दिलं नाही. हे त्या माणसाला, माझ्या मुलीसमोर, मराठीत सांगणं मी वडिलांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.