हसल्याशिवाय हजेरी नाही

आमचे हे हसत नाहीत. रागीट आहेत म्हणावं तर तसंही नाही. जेवतात चांगले, झोपतात चांगले, पण हसायचं म्हटलं की बंद दुकान. लग्नात फोटोवाला "दादा, जरा हसा, दादा, जरा हसा" करून थकला. शेवटी ह्यांनी त्याला विचारलं, "कशाला?" त्या बिचाऱ्याने गुपचूप बटण दाबलं. आमच्या अल्बममध्ये मी एकटीच हसतेय आणि माझ्या शेजारी वीजमीटर तपासायला आलेला कुणी माणूस उभा आहे असं वाटतं.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करते. म्हणजे बाप्पाचे डोळे काढते. नुसत्या रेषा ओढून चालत नाही, बाप्पा आपल्याकडे बघून हसतोय असं गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे. दिवसभर मातीला हसवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन ह्यांच्यासमोर बसायचं, हे माझं नशीब. सोनंनाणं कधी मागितलं नाही मी. एकदा माझ्याकडे बघून ह्या माणसाने दात दिसतील असं हसावं, एवढंच मागणं. वीस वर्षांत तेवढंही नाही.

हे रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. कंपनीची बस पेणहून नेते, परत आणून सोडते. गेल्या वर्षी कंपनीने कार्डाची हजेरी बंद केली आणि सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप घातलं. गेटवर उभं राहायचं, मोबाईल तोंडासमोर धरायचा आणि हसायचं. हसलात की हिरवी खूण येते. नाही हसलात तर "कृपया हसा" असं लिहून येतं. तरी नाही हसलात तर खाडा. म्हणे दुसऱ्याचा फोटो दाखवून कुणी फसवू नये, आणि कामगार खूश आहेत हेही साहेबांना बसल्या जागी कळावं.

पहिल्याच दिवशी ह्यांचा खाडा लागला. माणूस गेला, पूर्ण शिफ्ट मशीनवर उभा राहिला, घामाने भिजून परत आला, आणि कंपनीच्या मते तो आलाच नाही! असे आणखी चार खाडे झाले तर घरी बसवणार, असं सुपरवायझर बोलला. मी डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात हाच विषय. माझ्या बाजूला बसून एक वहिनी सोंडा रंगवते, तिने ब्रश खाली ठेवला. "अगो, आधारला बोटां दिली, डोलं दिलं, आता दात पन द्यायचं काय?"

कारखान्याचे शेठ खुर्चीतून म्हणाले, "लपवण्यासारखं काय नसेल तर माणसाने घाबरायचं कशाला?"

"मग तुमच्या न्हाणीला दार कशाला वो, शेठ?" वहिनीने विचारलं. शेठ उठून माती बघायला गेले.

मग मोबाईल आपलं बोलणं चोरून ऐकतो यावर चर्चा झाली. वहिनीचा मिक्सर बिघडला, ती घरात नुसतं बोलली, तर मोबाईलवर मिक्सरच्या जाहिराती यायला लागल्या. तेव्हापासून ती मोबाईल तोंडाजवळ धरून मोठ्याने सांगते, "आमच्याकडं पैसं नाय हां, नाय पैसं!" अजून जाहिराती येतातच. निर्लज्ज मेले!

बसमधल्या लोकांनीही प्रयत्न केले. कासूला एक भाई चढतात, कुवेतला बरीच वर्षं काढून आलेले. ते म्हणाले, "तिकडं पण रोज थोबडा दाखवायला लागायचा, पण रडका चालायचा!" धाटाव येईपर्यंत भाईंनी विनोद सांगितले. सगळी बस हसून लोळली, ड्रायव्हरनेसुद्धा गाडी बाजूला घेतली. हे खिडकीतून बाहेर बघत होते. दुसरा खाडा.

शेवटी मीच कंबर कसली. शिफ्टला निघायच्या आधी बारीक ब्रश घेतला आणि ह्यांच्या ओठांच्या कडा वर ओढल्या, गालावर खळीची सावली दिली. अगदी झकास! मातीचा असता तर हातोहात गेला असता. गेटवर ॲप म्हणालं, "चेहरा ओळखता आला नाही." सगळी शिफ्ट पोट धरून हसली, सगळ्यांची हजेरी लागली. ह्यांचा तिसरा खाडा.

त्या संध्याकाळी मात्र माझं डोकं फिरलं. कारखान्यातून आले ती तशीच ह्यांना आरशापुढे उभं केलं. माझ्या नाकाला गुलाबी रंग, ब्रश दातात, केसात माती. "असे ओठ ताणा. असे! अहो, दाढ काढायला आलाय का तुम्ही? डोळ्यांतून हसा! हसा म्हणते ना! नोकरी घालवाल, हसा एकदाचे!" बोलता बोलता ब्रश तोंडातून निसटून आमटीच्या पातेल्यात पडला. मी आणखी ओरडले. हे आरशातून माझ्याकडे बघत उभे. मी रडायच्या बेताला आले आणि आत जाऊन झोपले. आमटी कुणी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले आणि म्हणाले, "लागली हजेरी."

"कशी?"

"हसलो."

"कसे हसलात? कशाचा विचार केलात?"

"ता नाय सांगनार," हे म्हणाले. "प्रायव्हसी हाय."

हा शब्द कंपनीच्याच ट्रेनिंगमध्ये शिकून आले होते. मेलं ते ट्रेनिंग! त्या दिवसापासून हजेरी रोज लागायला लागली आणि माझी झोप उडाली. मी वीस वर्षं वाट बघायची आणि ह्यांनी रोज सकाळी मोबाईलला हसून दाखवायचं? आणि आठवून कुणाला हसतात? विचारलं की "प्रायव्हसी". वहिनी म्हणाली, "दुसरी कोन नाय ना गो?" लागली का माझ्या जिवाला आणखी एक कीड!

मग एके दिवशी मी मावसबहिणीकडे कार्यक्रमाला म्हणून रोह्याला गेले. स्टेशनबाहेर आले आणि वर बघितलं. समोर हा भला मोठा फ्लेक्स. त्यावर आमचे हे. हसताहेत! दात दिसताहेत, डोळे बारीक झालेत, गालावर खरीखुरी खळी आहे. मी काढली होती त्याच्या दुसऱ्या बाजूला. खाली लिहिलेलं, "आमचा कामगार, आमचं कुटुंब."

कुटुंब? मग मी कोण?

रडू आलं मला, खोटं कशाला बोलू. नवऱ्याचं हसू पहिल्यांदा बघतेय, तेही रिक्षावाल्यांच्या बरोबरीने, वडापावच्या गाडीमागे. कार्यक्रम गेला उडत. तशीच रिक्षा करून धाटावला गेले. गेटवर वॉचमनने विचारलं, "कुणाकडे?" तिथेही तोच फोटो लावला होता. मी वर बोट दाखवलं. "ह्याची बायको."

आत एचआरच्या मॅडम बसल्या होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, "काकी, त्यांनी ॲपमध्ये 'फोटो वापरायला मान्य आहे' दाबलंय."

"ते दाबल्याशिवाय ॲप पुढे जातं का?"

"नाही जात."

"ॲपशिवाय हजेरी लागते का?"

"नाही लागत."

"मग ते मान्य कसलं, बाई? मानगूट धरून 'हो' म्हणायला लावलंत आणि वर फ्लेक्स छापलात!" माझा आवाज चढला. मॅडमनी घाईघाईने ह्यांना बोलावून घेतलं. हे हेल्मेट काखेत धरून आले आणि दारातच थांबले. तोवर मी टेबलावर हात आपटत होते. "माझ्या घरचं हसू आहे ते! अजून मला मिळालं नाही आणि तुम्ही चौकात टांगलंत? उतरवा आधी!"

मॅडम माझ्या मागे बघायला लागल्या. मी वळले. हे हसत होते. फ्लेक्सवर होतं अगदी तेच, दात, खळी, सगळं.

"ह्याच," हे मॅडमना म्हणाले, "ही अशी वराडते ना, ह्याच आठवतो मी गेटवर. त्या दिवशी नाक गुलाबी होता. ब्रश आमटीत पडला." आणि पुढे बोलताच येईना त्यांना, भिंतीला धरून हसायला लागले.

मी ओरडायची थांबले. तर हसू पण थांबलं.

फ्लेक्स उतरवला त्यांनी, आठवड्याच्या आत. हेच घडी करून घरी घेऊन आले, आता मागच्या पडवीत लाकडांवर पांघरलाय, तोंड आतल्या बाजूला. ॲप काही गेलं नाही, ते अजून रोज "कृपया हसा" म्हणतं. घरी हे पूर्वीसारखेच गप्प बसतात. म्हणून हल्ली मी संध्याकाळी आले की नाकाचा रंग लगेच पुसत नाही, आणि काही ना काही कारण काढून ओरडते.