पामाचं कंकण

पडदा वर जातो तेव्हा चैत्रातली टळटळीत दुपार आहे. वळ गावात पत्र्याची गोदामं रांगेने उभी, रस्त्यावर ट्रेलरनी उडवलेली पांढरी धूळ. त्या धुळीआड एक विशाल पाम. खोड माणसाच्या उंचीचं, पण पानांचा घेर अंगणभर; रंग निळसर चांदीचा, एकेक पान दरबारातल्या पंख्यासारखं. सावलीत हौसाबाय बसली आहे, गुणगुणते आहे.

हौसाबाय म्हणजे धवलारीण, आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी. मला एका नाटकात धवलारणीचं काम मिळालं, तेव्हा गाणं शिकायला मी भिवंडीहून तिच्याकडे गेले. नाटक बंद पडलं, माझं जाणं बंद पडलं नाही.

"नटीबाय, आवाज बरा हाय तुजा," ती म्हणायची, "पन तू लगेच रडतेस. धवलारीनच रडली तर नवरीनं काय करायचं?"

गावोगावच्या लेकी तिने कोरड्या डोळ्यांनी सासरी धाडल्या होत्या. स्वतःला मात्र लेक नव्हती, एकटा मुलगा भावेश. पामही एका लग्नातलाच. मांडववाल्याने शोभेला आणलेलं रोप कुंडीत करपलं, तर तो टाकून निघाला. हौसाबायने मानाच्या लुगड्याऐवजी ती कुंडी मागून घेतली. झाड उन्हाला भिणारं नव्हतं. मुळाशी पाणी आणि डोक्यावर मोकळं आभाळ, एवढंच त्याचं मागणं.

मग भावेशने जागा गोदामाला दिली. पाम नेमका ट्रेलर वळायच्या जागी.

"आये, कापायचा न्हाय, तर ठेवायचा कुठं?"

"पडघ्याला, माज्या माहेरी. लोकांच्या लेकी सासरी जातात, माजी माहेरी जाईल!"

झाड हलवण्यासाठी माळ्याने मुळांभोवती चर आधीच खणून ठेवला होता. त्याने पानं वर गोळा करून कापडाने बांधली आणि बजावलं, "नवा कोंब येईपर्यंत सोडू नका, मुळं तुटलीत, उन्हात झाड सुकेल." हौसाबायने खोडाला हळद लावली, कापडाच्या गाठीत नवरीच्या कंकणासारखं हळकुंड बांधलं. हायड्रा क्रेनने झाड अलगद उचललं, तसा तिने धवला धरला. ट्रेलरवर आडवी झालेली ती चंदेरी नवरी महामार्गाने जाऊ लागली. धूळसुद्धा अक्षतांसारखी वाटत होती. त्या दिवशी मी नाही, धवलारीण रडली.

पडघ्याला झाड लागलं. पण लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरीचं कंकण सोडतात. जन्मभर हौसाबायच्या डोळ्यांदेखत, तिच्याच गाण्यावर ते सुटत आलेलं. माळ्याचं बोलणं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. खाटेवर चढून तिने गात गात गाठ सोडली. पानं उलगडली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग झळा सुरू झाल्या. आठवड्यात चांदीचं गवत झालं.

"हौसे, ही जगत न्हाय," तिचा भाऊ केसरीनाथ म्हणाला.

तिने पेटीतलं आपलं लुगडं काढून पानांभोवती बांधलं. सकाळ-संध्याकाळ मुळाशी पाणी घालायची आणि खोडाला पाठ टेकून अंगाई म्हणायची. भावेश न्यायला आला, तर त्याच्यावरच खेकसली, "पोर आजारी हाय. तिला टाकून येऊ?"

श्रावणात मी पडघ्याला गेले. पिवळं ऊन पडलं होतं. करपलेल्या पानांच्या मधोमध, लुगड्याच्या घडीतून, भाल्यासारखा सरळ एक चंदेरी कोंब वर आला होता. मला राहवलं नाही. खाटेवर चढून मी थाटात गाठीला हात घातला, तर हौसाबायने माझा पदर धरून खाली ओढलं.

दिवाळीआधी हौसाबाय झोपेतच गेली. कोंब उलगडून लुगडं आपोआप गळून पडलं, असं केसरीनाथने मला नंतर सांगितलं. मी ऐकलेलं हौसाबायचं शेवटचं बोलणं मात्र ते पदर धरतानाचंच:

"ऱ्हाऊ दे, नटीबाय. एकदा मी घाई केली. आता तिला वाटंल तवा तिची ती सोडवील."