चढावर पाणी

आमच्या ऑफिसच्या जिन्यात एसीचं पाणी ठिबकतं. त्याखाली एक बादली ठेवलेली आहे. दिवसभर थेंब थेंब पडत असतो, कोणाचं लक्ष नसतं, आणि मग एके दिवशी बादली भरून वाहते आणि सगळ्यांच्या चपला ओल्या! किस्स्यांचंही तसंच. साचतात कधी ते कळत नाही. आज बादली भरली आहे म्हणून ओतते आहे इतकंच.

वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेत आमचं ऑफिस आहे. आम्ही इंग्लंडमधल्या घोड्यांच्या खाद्याच्या ऑर्डरी फोनवर घेतो. घोड्यावर बसलेला माणूस आमच्यात एकच, तो म्हणजे टीम लीडर पेडणेकर सर, आणि तेही स्वतःच्या लग्नात. दुपारी दीडला तिकडे सकाळ होते, तेव्हा आमचे फोन सुरू होतात. माझं काम कॉल ऐकून त्यांना मार्क देण्याचं. म्हणजे लोकांचं बोलणं ऐकायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये हे काम बायका फुकट करतात!

बोलणी अर्थातच इंग्रजीत होतात. मी आपली मराठीत सांगते.

*

नवीन होतो तेव्हा तिकडून एक ट्रेनर आले होते. उंच, लाल नाकाचे, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी सांगितलं की थंडी हा त्यांच्याकडे शिकारीचा सीझन. पूर्वी कोल्ह्यामागे कुत्रे आणि कुत्र्यांमागे घोडेस्वार जायचे. आता कोल्हा मारायला कायद्याने बंदी आहे. म्हणून एक जण वास लावलेलं फडकं ओढत रानातून पुढे जातो, आणि बाकीचा सगळा लवाजमा त्या वासामागे धावतो.

पेडणेकर सरांनी वहीत लिहून घेतलं आणि हात वर केला. "म्हणजे सर, कोल्हा नाही, शिकार नाही. मग एवढी माणसं घोडे पळवत शेवटी जातात कुठे?"

ट्रेनर जरा विचारात पडले. मग म्हणाले, "घरी."

आम्ही हसलो, तेही हसले. पण नंतर त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. कडाक्याची थंडी पडली की जमीन गोठते, दगडासारखी होते. मग सगळं बंद. कारण तसल्या जमिनीवर घोडा पळवला तर त्याचा पाय जातो, आणि पाय मोडलेला घोडा बहुतेक वाचत नाही. "म्हणून आमच्याकडे माणसं देवाकडे एकच मागतात," ते म्हणाले, "जमीन मऊ कर."

*

जमीन गोठली की तिकडून फोनांचा पाऊस पडतो. घोडे तबेल्यात उभे, काम नाही, आणि समोर दाणा मात्र रोजचाच. असा आरामात खाऊन उभा असलेला घोडा एकदम बाहेर काढला की त्याचे स्नायू आखडतात, जागच्या जागी खिळून जातो. म्हणून आमच्या स्क्रिप्टमध्ये एक वाक्य ठळक अक्षरात आहे, 'काम बंद, तर ओट्स निम्मे.'

पेडणेकर सर काही दिवस वर्तकनगरच्या घरून काम करत होते. दिवसभर हेच वाक्य. त्यांचे वडील कारखान्यातून रिटायर होऊन घरी बसलेले, आणि सोफ्यावरून उठायचे ते फक्त जेवायला. एका दुपारी त्यांच्या ताटात निम्माच भात आला.

"हे काय? मी काय घोडा आहे?"

सरांच्या आई शांतपणे म्हणाल्या, "घोडा असतात तर निदान फिरायला तरी गेला असतात!"

दुसऱ्या दिवसापासून काका बागेत फेऱ्या मारायला लागले. सर हा किस्सा सांगतात तेव्हा हसत नाहीत. रिटायर झाल्यापासून वडील फारसं बोलायचेच नाहीत, आणि बागेत त्यांना दोन मित्र मिळाले, असं ते पुढे सांगतात.

*

गिऱ्हाइकाशी हवेबद्दल दोन शब्द बोलायचे, असा आमच्याकडे नियम आहे. आमची रूपाली कल्याणची. एसीच्या झोताखाली बसते आणि जानेवारीत स्वेटर, मफलर, कानटोपी घालून कॉल घेते. एका बाईंनी तिला विचारलं, "तुमच्याकडेही थंडी असेल ना गं?"

"विचारू नका मॅडम! फार म्हणजे फारच!"

"किती?"

"बावीस."

मग त्या बाई काळजीने म्हणाल्या, "उणे बावीस? बाळा, तू आधी घरी जा!"

*

आता नीलेशबद्दल सांगायला हवं. नीलेश ठाकुर्लीचा. पाच वर्षांपूर्वीपर्यंत कबड्डीत त्याचं नाव होतं. चढाईला गेला की समोरचे मागे सरकायचे. आमच्याकडच्या स्पर्धाही थंडीतच होतात, आणि मातीच्या मैदानाला आदल्या संध्याकाळी पाणी मारावं लागतं. भरपूर पाणी मारलं की रात्रभर मुरतं आणि सकाळी माती मऊ होते.

एका स्पर्धेला टँकर आलाच नाही. पाहुणे आले होते, स्टेज बांधलं होतं, बॅनर लागले होते. 'चालतंय रे, खेळा' असं म्हणून खेळवलं. नीलेश निसटताना गुडघ्यावर पडला. कडक जमिनीवर गुडघा फुटल्याचा आवाज प्रेक्षकांनी ऐकला, असं त्याचा मित्र मला म्हणाला होता. नोकरी कबड्डीवर लागणार होती, ती राहिली.

आता तो आमच्याकडे आहे. जिना चढून आला की गुडघा सुजतो. म्हणून पँट्रीतल्या फ्रीझरमध्ये त्याची पाण्याची बाटली गोठवून ठेवलेली असते. जेवण झालं की ती टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर धरतो. कधी तक्रार नाही. फक्त फोनवर कोणी 'जमीन कडक झाली आहे' म्हणालं की तो खुर्चीत पुढे सरकतो. तबेल्यातलं जुनं गवत अंगणात गोल पसरून त्यावर घोडे चालवतात, हे त्याला एका गिऱ्हाइकाने सांगितलं, तेव्हा तो उठून माझ्याकडे आला. "ताई, काळजी घेतात बघ जनावराची. मस्त वाटलं ऐकून." मला त्याच्याकडे बघवलं नाही.

*

त्या जानेवारीत तिकडे थंडी हलायलाच तयार नव्हती. एका सोमवारी नीलेशला मार्गारेट आजींचा फोन आला. या आजी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. टेकाडावर घर, नवरा गेलेला, मुलगा शहरात, आणि सोबतीला हेझल नावाची एक म्हातारी घोडी.

"पुढच्या महिन्यापासून ओट्स पाठवू नका," आजी म्हणाल्या. "गुरुवारी लॉरी येऊन हेझलला घेऊन जाणार आहे."

"कुठे, मॅडम?"

"जिथून म्हातारे घोडे परत येत नाहीत तिथे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा म्हणत होता की घोडी आता नुसती उभी असते, कशाला ठेवायची. शेवटी दोघांचं ठरलं होतं की हेझल या सीझनला एकदा जरी सगळ्यांबरोबर धावून आली, तर राहील. शेजारच्यांची मुलगी तिच्यावर बसायला तयार होती. पण जमीन गोठली आणि सगळं बंद पडलं. धावणार कुठे? मुलाने मात्र लॉरी ठरवून टाकली.

"तुमच्याकडे जमीन अशी कडक झाली तर काय करता हो?" आजींनी विचारलं. त्यांना बहुतेक नुसतं बोलायचं होतं.

स्क्रिप्टबाहेरचा सल्ला द्यायचा नाही, दिला तर त्या कॉलला शून्य, हे नीलेशला पाठ आहे. पण प्रश्न जमिनीचा होता!

"संध्याकाळी पाणी मारायचं, मॅडम. भरपूर. बादल्यांनी. सकाळी बघा, मस्त होते."

पलीकडे इतकी शांतता की मला रेकॉर्डिंग बंद पडलं असं वाटलं.

"पाणी?" आजी म्हणाल्या.

"हो मॅडम. आम्ही नेहमी तेच करतो."

मग अगदी हळू आवाजात, "आमच्याकडे रस्त्यावरच्या फाटकापासून घरापर्यंत चढ आहे. तिथे मारलं तर?"

"चढावर तर जास्तच मारा! पाणी खाली उतरतं ना."

"थँक्यू, बाळा," आजी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर नीलेश पँट्रीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग आला तो थेट माझ्या टेबलापाशी. हातात ती बाटली, टॉवेल न गुंडाळलेली. बोटं लाल झाली होती.

"ताई," तो म्हणाला, "पाणी."

त्याने बाटली टेबलावर आपटली. खण्ण असा आवाज आला.

रोज तीच बाटली गुडघ्याला लावणाऱ्या माणसाच्या हे डोक्यात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कॉल ऐकताना माझ्याही आलं नव्हतं. आपल्याकडे पाणी मारलं की जमीन मऊ होते. लहानपणापासून तेच पाहिलेलं. उणे तापमानात काय होतं याचा विचार डोंबिवली-ठाकुर्लीचा माणूस कशाला करेल?

पेडणेकर सरांनी फोन करायची परवानगी दिली. ऑर्डर रद्द केल्याची खात्री करायची आहे, असं कारण लिहिलं. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा केला. बुधवारी पुन्हा. रूपालीने आजींच्या गावचं तापमान मोबाइलवर लावून ठेवलं होतं. सकाळी उठून आधी ते बघायची, मग दूध तापवायची. आकड्याआधीचं उणे काही जात नव्हतं.

"टेन्शन घेऊ नको रे," सर म्हणाले. "गावची बाई आहे. तिला कळत नसेल होय?"

"सर, ती थँक्यू बोललेली मला. मनापासून बोललेली." नीलेशने डबा उघडला नव्हता. "चढ आहे तिकडे. बर्फ झाला असेल त्याचा. ती पडली असेल, नाहीतर घोडी पडली असेल."

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, माझा पाय गेला तो कोणी पाणी मारलं नाही म्हणून. तिचा जाईल तो मी मारायला सांगितलं म्हणून."

मला रडू आलं. मी हेडफोन लावून कॉल ऐकत असल्यासारखं केलं. गुरुवार गेला. लॉरी आली असेल, हेझल गेली असेल, आणि आजींचं काय झालं असेल, हे कोणाच्या तोंडून निघत नव्हतं. शुक्रवारी नीलेश कामाला आला, पण त्याची बाटली फ्रीझरमध्येच राहिली.

*

पुढच्या सोमवारी रूपाली एकदम उभी राहिली आणि हात हलवायला लागली. पेडणेकर सरांनी नियम गुंडाळून ठेवला आणि तिचा कॉल स्पीकरवर टाकला.

"मार्गारेट बोलते आहे," आवाज अगदी खणखणीत होता. "मी ओट्स बंद करायला सांगितले होते ना? ते परत चालू करा. पण निम्मे. घोडी अजून उभीच आहे."

रूपालीला धड बोलताही येईना. "हेझल... हेझल बरी आहे? आणि तुम्ही? आम्ही किती फोन केले!"

"तुमचे होते होय? मला वाटलं मुलगा करतो आहे, म्हणून उचलले नाहीत. आम्ही दोघी छान आहोत. मी आपली मागच्या दाराने, पायवाटेवरून जाते-येते."

"आणि लॉरी?"

"आली होती ना. फाटकापर्यंत. ड्रायव्हर बिचारा भला माणूस. दोनदा चढायचा प्रयत्न केला त्याने, दोनदा गाडी खाली घसरत गेली. मग मी त्याला फाटकावरच चहा नेऊन दिला आणि तो परत गेला."

नीलेश आपल्या जागेवरून उठला होता.

"आता या गुरुवारी परत येणार आहे," आजी पुढे म्हणाल्या. "आणि या वेळी मुलगा स्वतः सोबत असणार. त्या दिवशी बोललेला तुमचा तो मुलगा आहे का तिथे? त्याला जरा विचाराल, आणखी किती बादल्या लागतील?"

रूपालीने सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा मार्कांचा कागद उलटा करून ठेवला.

नीलेश लंगडत आला, रूपालीच्या खुर्चीत बसला, हेडसेट कानाला लावला आणि खुर्चीत पुढे सरकला.

"मॅडम," तो म्हणाला, "फाटकापासून घरापर्यंत चढ किती लांब आहे?"