पूर्वेस म्हैस, बसलेली

कसबा पेठेत माझे तांब्याच्या भांड्यांचे दुकान होते. शेजारी अत्तरवाले राहत. माझा ठोकाठोकीचा धंदा आणि त्यांचा सुगंधाचा, पण वीस वर्षांत आमचा वाद कधी झाला नव्हता. मी पूर्वेच्या मोकळ्या जागेत भट्टीसाठी छपरी घालायला घेतली, तेव्हा तो झाला.

"अहो, ती जागा माझी आहे," अत्तरवाले म्हणाले.

मी खरेदीखत काढले. त्यात चतुःसीमा लिहिल्या होत्या. पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस देवळाची भिंत आणि पूर्वेस 'अत्तरवाल्याची म्हैस'. ती म्हैस मरून नऊ वर्षे झाली होती.

आम्ही दोघे कोतवालाच्या चावडीवर गेलो. कारकुनाने कागद दोनदा वाचला.

"म्हैस हजर करा."

"मेली," मी म्हटले.

"म्हैस मेली असेल. सीमा मरत नाही. तशीच दुसरी आणून तिथेच बांधा. पंच बघतील."

अत्तरवाल्यांनी मांजरी गावाहून ओळखीच्या गवळ्याची म्हैस आणली. पाच पंच आले, कारकून आला, बघायला निम्मी पेठ आली. म्हैस बांधली तर ती खुंट्याभोवती फिरू लागली. तोंड इकडे केले की माझी जमीन हातभर कमी व्हायची, तिकडे केले की वाढायची. पंचांना प्रश्न पडला की उभी म्हैस धरायची की बसलेली. समोरच्या भाजीवाल्या आजींनी साक्ष दिली, "ती कायम बसलेलीच असायची."

झाले. म्हैस बसेपर्यंत सगळे थांबले. ठोकण्याच्या आवाजाने ती बिचकते म्हणून माझे काम बंद ठेवले. अत्तरवाल्यांनी कडबा घातला, मी पाठ खाजवली. एकमेकांचे वैरी म्हणून आलेले आम्ही दोघे तिची मनधरणी करत होतो. दुपार कलल्यावर ती एकदाची बसली, पण अशी आडवी की मागचा भाग माझ्या उंबऱ्याला टेकला आणि शिंगे अत्तरवाल्यांच्या दाराला.

पंचांनी बराच वेळ कुजबुज केली. मग कारकुनाने निवाडा वाचला, "म्हशीखालची जागा दोघांची. कोणी बांधकाम करू नये. शिक्का येईपर्यंत म्हैस हलवू नये."

शिक्का यायला तीन महिने लागले. गवळी दर आठवड्याला येऊन म्हैस मागायचा. आम्ही त्याला चावडी दाखवायचो आणि चावडीवाले त्याला आमच्याकडे पाठवायचे. मधल्या काळात म्हैस व्याली, तेव्हा दुधावर हक्क कोणाचा, हे विचारायला मी चावडीवर निघालो. अत्तरवाल्यांनी माझा हात धरला.

"नका विचारू. एक दिवस तुम्ही घ्या, एक दिवस मी. गवळ्याला रेडकू देऊ."

मला ते पटले. शेवटी शिक्का आला. नव्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिले होते, 'पूर्वेस म्हैस, बसलेली'. छपरी मी बोळाच्या बाजूला घातली, आणि तिकडच्या शेजाऱ्याने हरकत घ्यायच्या आत भट्टी पेटवली.